घडाची नोंद होते, पोराची होत नाही

नाशिकहून निघालेली द्राक्षाची पेटी रॉटरडॅमच्या बंदरात उतरते, तेव्हा ती कोणत्या गावातली, कोणत्या शेतकऱ्याची, कोणत्या प्लॉटमधली आहे हे तिथल्या माणसाला नोंदीवरून काढता येतं. त्या प्लॉटवर कोणतं औषध कधी मारलं, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवली, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत तपासला, सगळं लिहिलेलं असतं. ही शिस्त आपल्याला सुखासुखी लागलेली नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि निर्यातीला मोठा फटका बसला. त्यानंतर 'अपेडा' या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही नोंदणीची व्यवस्था उभी केली. २०१० मध्ये वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडवरून, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सीसीसीवरून, माल पुन्हा अडकला आणि तपासणी आणखी कडक झाली. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. एवढं बारीक मोजायला आपण शिकलो, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांनीही ते करून दाखवलं. मला त्याचा अभिमान वाटतो.

आता त्याच प्लॉटवर विरळणी करणाऱ्या, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढणाऱ्या बाईचं दीड वर्षांचं पोर त्या दिवशी कुठे होतं, आणि त्याला कडेवर घेऊन फिरणारी आठ-नऊ वर्षांची बहीण कोणत्या शाळेच्या पटावर होती, एवढंच विचारून पाहा. प्लॉटच्या कागदांत याचं उत्तर नाही. माझं म्हणणं असं आहे की ही नोंद झाली पाहिजे, आणि तिच्या आधारावर द्राक्षाच्या गावागावांत छाटणीपासून काढणीपर्यंत हंगामी पाळणाघर चाललं पाहिजे. आधी पाळणाघर आणि मग शाळा, हा क्रम मी मुद्दाम सांगते आहे.

हा विषय आत्ता काढायला एक निमित्त आहे. मळ्यावरच्या बालपणाला सध्या फार चांगले दिवस आले आहेत. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. गंगापूर धरणाच्या बाजूला, दिंडोरी रस्त्याला, बागांच्या कडेने राहण्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबं येतात, मुलांना मांडवाखाली फिरवतात, चुलीवरचं जेवतात. माझ्या पिढीचे लोक, ज्यांची लहानपणं मळ्यात गेली आणि जे आता शहरात फ्लॅटमध्ये राहतात, ते विहिरीत मारलेल्या उड्या आणि पाटाच्या पाण्यात सोडलेल्या होड्यांबद्दल भरभरून लिहितात. यात मला काही वावगं वाटत नाही. मीही त्यातलीच आहे. शेतकऱ्याला खोली भाड्याने देऊन चार पैसे मिळत असतील तर ते मिळायलाच हवेत, द्राक्षाच्या भावाचा काही नेम नसतो. पण मळ्यावर मुलांनी वाढावं ही गोष्ट आपल्याला एवढी मोलाची वाटत असेल, तर आज मळ्यावर प्रत्यक्ष कोणाची मुलं आहेत याकडे पाहणं भाग आहे.

माझं लहानपण निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या बाजूच्या मळ्यात गेलं. गावात घर होतं, पण राहणं मळ्यातच. तेव्हा द्राक्षाची अनाबेशाही जात मागे पडत चालली होती आणि थॉमसनचं राज्य सुरू झालं होतं. मांडव दगडी खांबांवर तोललेला, वर तारांचं जाळं, आणि वाढीच्या दिवसांत खाली अशी सावली की भर दुपारीही पाय भाजायचे नाहीत. बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं औषध, करायचा दिवस आम्हा पोरांना सणासारखा वाटायचा. एका पिंपात मोरचूद भिजत घातलेलं असायचं, दुसऱ्यात चुना. दोन्ही एकत्र ओतलं की आभाळी रंगाचं दाट पाणी तयार व्हायचं. वडील त्यात विळ्याचं पातं बुडवून जरा वेळ धरायचे आणि उन्हाकडे करून पाहायचे. पात्यावर तांबूस थर धरला, तर चुना कमी पडला. मग आणखी चुना, पुन्हा पातं. पातं स्वच्छ निघाल्याशिवाय पंपात औषध जायचं नाही, कारण कोवळं पान करपलं तर वर्ष गेलं. ही पात्याची परीक्षा मला शाळेतल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा जास्त नीट आठवते.

मोटारीच्या खोलीला लागून सालदाराची खोली होती. ते सुरगाण्याकडचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, त्यांच्या बायकोला मामी. पाडव्याला साल ठरायचं आणि वर्षानुवर्षं तेच कुटुंब राहायचं. त्यांची थोरली मुलगी माझ्या वयाची. आम्ही चारीच्या कडेने जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचो, एकाच पाटीवर शेकोट्यांची चित्रं काढायचो. तिच्या घरची नागलीची भाकर आणि आमच्या घरची बाजरीची, अशी अदलाबदल रोजची ठरलेली. पावकी आणि निमकी तिला माझ्याआधी पाठ झाली. गुरुजी वर्गाला पाढे म्हणायला लावायचे तेव्हा पुढे तिलाच उभी करायचे.

चौथीत असताना तिला भाऊ झाला. मामी काही आठवड्यांत कामावर परतल्या, कारण ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती. छाटणी झाली की काडीच्या डोळ्याडोळ्याला ते फुटावेत म्हणून पेस्ट लावायची, मग फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढायची, मग घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायचे, मग कात्रीने मणी विरळायचे. यातलं प्रत्येक काम ठरल्या दिवशीच व्हावं लागतं, चार दिवस मागेपुढे झाले तर घड हातचा जातो. मांडवाच्या तारेला लुगड्याची झोळी बांधली गेली आणि झोळीची दोरी तिच्या हातात आली. शाळेतून तिचं नाव कोणी काढलं नाही. ते पटावर राहिलं, ती मात्र दिसेनाशी झाली. दिवाळीनंतर गुरुजींनी दोनदा निरोप धाडला. मग त्यांचीही बदली झाली. पाढे तिला पुढेही येत होते. झोळी हलवताना ती म्हणायची.

त्या मळ्यात कोणी दुष्ट नव्हतं. माझ्या आईने मामींना बाळंतपणात डिंकाचे लाडू दिले होते, मामांची पगाराची बोली कधी चुकली नव्हती. अडचण एकच होती. सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत ते तान्हं पोर धरायला माणूस नव्हतं. आणि ज्या घरात असं माणूस नसतं, तिथे ते काम थोरल्या मुलीकडे जातं. लहान भावंडाचा प्रश्न सुटल्याशिवाय थोरलीची शाळा सुटायची थांबत नाही. पटनोंदणीच्या मोहिमा कितीही काढा, ती येईल, आठ दिवस बसेल आणि परत झोळीपाशी जाईल. म्हणून मी आधी पाळणाघर म्हणते.

तेव्हापासून आतापर्यंत मळा पार बदलला. द्राक्षाखालचं क्षेत्र वाढलं, निर्यात वाढली, विरळणीचं काम इतकं नाजूक झालं की एका सालदार कुटुंबाच्या आवाक्यात ते राहिलं नाही. कामाचा ठेका एकरावर गेला. आता दिवाळीच्या आगेमागे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांतून आणि डांगातूनही मजुरांच्या टोळ्या उतरतात. पिंपळगाव, ओझर, मोहाडी, खेडगाव, गिरणारे, जिकडे बाग तिकडे त्या. त्या मुलखात पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउताराचं बरंचसं पाणी पश्चिमेला निघून जातं. भात, नागली, वरई एवढं एक पीक निघालं की घरी काम उरत नाही, आणि एप्रिलमध्ये तर पाड्यावर टँकर येतो. पिकअपमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं घालून माणसं घाट उतरून इकडे येतात. गावाबाहेर गायरानात, रस्त्याच्या कडेला किंवा शेतकऱ्याच्या बांधावर प्लास्टिकचं पाल पडतं. होळीला मात्र काढणी ऐन भरात असली तरी टोळी घरी जाते. बागाईतदाराला हे ठाऊक असतं, तो शिमग्याच्या आधीच माल उरकायच्या मागे असतो.

शाळेचं दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू होतं आणि एप्रिलमध्ये परीक्षा. द्राक्षाचा हंगाम नेमका तोच. म्हणजे या मुलांचं वर्ष दर वेळी त्याच जागी तुटतं.

सालदाराची मुलगी निदान एका मळ्याची होती. टोळीतलं मूल कुठल्याच मळ्याचं नसतं. टोळी आज एकाच्या बागेत फेलफूट काढते, आठवड्याने दुसऱ्याच्या बागेत डिपिंग, म्हणजे घड बुडवायचं काम करते, पुढे तिसऱ्याकडे विरळणी. मूळ गावच्या शाळेत मुलाचं नाव पटावर असतं, कामाच्या गावच्या शाळेला ते आलं आहे हेच माहीत नसतं. निर्यातदारांना लागणाऱ्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्राला जोडून ग्रास्प नावाचा सामाजिक तपासणीचा भाग आहे. शेतावर राहणाऱ्या शाळकरी मुलांना शिक्षण मिळतं का, असा प्रश्न त्यात आहे. म्हणजे युरोपातल्या ग्राहकाच्या कागदावर हे मूल निदान एका ओळीपुरतं पोचलं आहे. पण पाल गायरानात असेल तर ते मूल कोणाच्या 'शेतावर राहणारं' धरायचं? शेतकरी खरं उत्तर देतो की माझ्या शेतावर कोणी राहत नाही, आणि मूल पुन्हा कागदाबाहेर राहतं.

चहाच्या मळ्यांचं उदाहरण इथे घ्यायला हवं. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडा या मळ्यांवर मालकाची जबाबदारी ठरवली. पन्नास किंवा अधिक स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर, सहा ते बारा वयाची पंचवीसहून जास्त मुलं असतील तर शिक्षणाची सोय, कामगारांना घरं. हा कायदा आता २०२० च्या श्रमसंहितेत सामावला आहे. आसामात किंवा निलगिरीत तो किती पाळला गेला हा वेगळा विषय, पण मळ्यावर मुलं असतात एवढं तरी त्या कायद्याने सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी मान्य केलं. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावा असं मी म्हणणार नाही. एक-दोन एकर बाग असलेल्या, डोक्यावर सोसायटीचं कर्ज असलेल्या माणसाला पाळणाघर बांधायला सांगणं म्हणजे अन्याय आहे. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड पट्ट्यात एका संध्याकाळच्या गारपिटीने उभ्या बागा झोडपल्या गेल्या. त्या माणसाला कोणी नवा खर्च सांगायला गेलं, तर त्याने काय उत्तर द्यावं? द्राक्षात मालक मोठा नसतो, पट्टा मोठा असतो. म्हणून जबाबदारीचं माप गाव धरायला हवं.

ऊसतोडीच्या बाबतीत निदान चर्चा तरी झाली. साखर कारखान्याला एक फाटक असतं, टोळ्या त्या फाटकाशी येतात, त्यामुळे साखरशाळा निघाल्या, मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं निघाली, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने वसतिगृहांची योजनाही आणली. द्राक्षाला असं एक फाटक नाही, हजार फाटकं आहेत. शिवाय सुरगाण्याहून निफाडला येणारा माणूस राज्याची हद्दच काय, जिल्ह्याचीही हद्द ओलांडत नाही. त्यामुळे १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यातही तो बसला नाही. जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलेला माणूस सरकारी हिशेबात आपल्या घरीच असतो.

मग करायचं काय? उपाय नवा शोधायची गरज नाही, तो महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं आईबरोबर येत असतील, तर त्याच मजूर बायांपैकी एकीने मुलं सांभाळायची आणि तिला पूर्ण मजुरी मिळायची, ही तरतूद २००५ च्या केंद्राच्या कायद्यात केली गेली. झाडाची सावली, पाण्याचा माठ, एक जाणती बाई. द्राक्षाच्या टोळीलाही हेच लागू करता येतं. पंधरा-वीस बायांच्या टोळीत एकीची मजुरी ज्या बागांवर काम होतं त्यांच्यात वाटली, तर एकरामागे पडणारी रक्कम औषधाच्या एका फवारणीच्या जवळपासही जाणार नाही. निर्यातीच्या मालावर निर्यातदाराने आणि पॅकहाऊसने यात वाटा उचलावा. रेसिड्यूच्या, म्हणजे औषधाच्या अंशाच्या, तपासणीचा खर्च जसा धंद्याचा भाग म्हणून धरला गेला, तसा हाही धरला जावा.

सांभाळणारी बाई टोळीतलीच हवी, याबद्दल मी आग्रही आहे. ती मुलं कोकणा बोलतात. तीन वर्षांच्या पोराला अनोळखी गावात, अनोळखी भाषेत रडायला लावलं, तर आई दुसऱ्या दिवशी त्याला परत झोळीत घालेल आणि तिचं बरोबरच असेल. जागा मिळते. गावोगावी समाजमंदिर आहे, सोसायटीची इमारत आहे, शाळेची रिकामी खोली आहे. पोषण आहार अंगणवाडीतून मिळू शकतो, कारण तो त्या मुलांचा हक्क आहे, मग ती पेठची असोत की पिंपळगावची. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यासाठी ती हंगामापुरती वापरता येईल का, हे जिल्हा परिषदेने पाहायला हवं.

थोरल्या मुलांसाठी कायदा आहेच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या पाचव्या कलमाने मुलाला शाळा बदलण्याचा हक्क दिला आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायची पद्धतही राज्यात आहे. हे कार्ड ज्या शिक्षकाने सुरगाण्यात लिहिलं, त्याच्या हातून ते निफाडच्या शिक्षकापर्यंत पोचलं पाहिजे. मुकादमाला माहीत असतं की टोळी कोणत्या गावी जाणार. बागाईतदाराला माहीत असतं की छाटणी कोणत्या तारखेला. शाळेला मात्र यातलं कोणी सांगत नाही.

आश्रमशाळा आहेत ना, असं काहीजण म्हणतील. आहेत, आणि त्यांचं मोल मी जाणते. दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ सुरू केलं, तेव्हा त्या डोंगरात शाळा ही कल्पनाही नवी होती. पण आश्रमशाळा पहिलीपासून सुरू होते. दीड वर्षांच्या भावाला तिथे ठेवता येत नाही, आणि तो जिथे जाईल तिथे त्याला सांभाळणारी जाते. या हंगामी मुलीपर्यंत आश्रमशाळा पोचत नाही.

दुसरी हरकत बागाईतदाराची, आणि ती अधिक खरी आहे. मुलं मोजायला लागलात की उद्या बालमजुरीची केस माझ्या अंगावर येईल, अशी त्याला धास्ती असते. म्हणून तपासणीला माणूस येणार म्हटलं की मुलांना पालात बसायला सांगितलं जातं. ही भीती घालवल्याशिवाय नोंद खरी होणार नाही. म्हणून मुलांची मोजणी तपासनिसाच्या हाती देऊ नये. अंगणवाडी सेविका आणि शाळेचे शिक्षक यांनी ती करावी, आणि ज्या गावात पाळणाघर चालू आहे तिथल्या शेतकऱ्याला ते प्रमाणपत्राच्या कागदावर दाखवता यावं. गावाने सोय केली तर त्याचा फायदा प्लॉटला मिळाला पाहिजे.

नाशिकच्या शेतकरी समाजाला यातलं काही शिकवायला लागू नये. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला तो शेतकऱ्याच्या पोराने शिकावं म्हणूनच. आज जिल्ह्यात बागाईतदाराच्या घरी डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, त्यांच्या मुळाशी तेव्हा काढलेली बोर्डिंगं आहेत, दारोदार जमवलेलं धान्य आहे. आमच्या घरातली पहिली शिकलेली पिढी त्यातूनच आली. ज्यांनी ते सोसलं, त्यांच्या नातवंडांच्या बागेत आज दुसऱ्या कोणाची तरी पहिली पिढी झोळीची दोरी हलवते आहे.

यंदाची गोडी, म्हणजे ऑक्टोबरची, छाटणी सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट कोणत्याही सरकारी आदेशाची वाट न पाहता करता येईल. मुकादमाशी ठेका ठरवताना एकरी दर, उचल, पालाची जागा, पाणी आणि जळण एवढं बोललं जातं. त्याच बैठकीत टोळीबरोबर किती मुलं येणार, त्यांतली किती सहाच्या आतली, आणि त्यांना सांभाळायला टोळीतली कोणती बाई बसणार, तिची मजुरी कोण देणार, हेही ठरवून घ्यावं. गावातल्या चार-पाच बागाईतदारांनी एकत्र बसून हे केलं, तर तो कागद घेऊन ग्रामपंचायतीकडे खोली मागायला जाता येतं, आणि मुख्याध्यापकांना मुलांची यादी आठवडाभर आधी देता येते.